गालिच्यातली भेसळ

मला वस्तू पारखता येत नाही, असा निकाल आमच्या घरात माझ्याविषयी फार पूर्वी लागला आणि मी त्याविरुद्ध कधी दाद मागितली नाही. पुरावे होतेच. तरुणपणी घेतलेल्या सायकलची चौकट वाकडी निघाली. गोंदियाहून आणलेला पंखा वारा कमी आणि आवाज जास्त देत असे. एका उन्हाळ्यात मोठ्या विश्वासाने आणलेल्या पेटीतले आंबे वरच्या थरापुरतेच पिकलेले होते. दर वेळी माझे थोरले भाऊ ती वस्तू हातात घेत, उलटसुलट करून पाहत आणि एकच शब्द उच्चारत : “फसला.” कोण फसला, हे सांगण्याची गरज कुणालाच वाटत नसे.

भाऊ धानाचे व्यापारी आहेत. गोंदियाजवळच्या गोरेगावात आमची घरे एकमेकांना लागून आहेत आणि त्यांच्या अंगणात हंगामात धानाचे ढीग लागतात. पोत्यात खुपसून नमुना काढायची टोकदार लोखंडी परखी त्यांच्या हातात असते. ती बाहेर ओढून ते दाणे तळहातावर पसरतात, एक दाणा दाताखाली फोडतात आणि ओल किती, तुटका दाणा किती, एकाच पोत्यात दोन प्रकारचा माल भरला आहे का, हे सांगतात. या कामात त्यांना चुकलेले मी पाहिलेले नाही. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढे जे घडले त्यात त्यांना अडाणी ठरवण्याचा माझा हेतू नाही.

मी भूगोल शिकवतो. निवृत्ती आता दूर नाही. इराणच्या पठारावरील लोकांचे पारंपरिक व्यवसाय कोणते, या प्रश्नाचे ‘मेंढपाळी व गालिचे विणणे’ हे उत्तर मी वर्षानुवर्षे लिहून देत आलो आणि त्यावर गुणही देत आलो. मागच्या वर्षी एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, गालिचा म्हंजे मांडवात टाकतेत तो का?” मी ‘तसाच, पण मऊ’ असे उत्तर दिले. वर्ग पुढे सरकला. मला मात्र दिवसभर त्या उत्तराची लाज वाटत राहिली. मी इराणला गेलो नाही याची ही लाज नव्हती. जी वस्तू मी कधी पाहिली नाही, जिला हात लावला नाही, तिच्याविषयी आपण एवढ्या खात्रीने बोलतो, हे मला लागले होते.

म्हणून मी हाताने विणलेला एक इराणी गालिचा विकत घ्यायचे ठरवले. आमच्याकडे पाहुणे आले की सतरंजी अंथरतात, नाहीतर प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडतात. गालिच्यावाचून कुणाचेही काही अडलेले नव्हते. माझ्या आयुष्यातली बहुतेक खरेदी कुणाचे तरी अडले म्हणून झालेली आहे. ही एक तरी तशी नसावी, असे मला वाटले.

गोंदियाच्या बाजारात असा गालिचा मिळत नाही. मिळतो तो कारखान्यातला, मागे रबर लावलेला. तेव्हा फोनवरच शोधणे भाग होते. संध्याकाळी चष्मा लावून मी खोलीत बसे आणि एकामागून एक चित्रे सरकवत राही. बायको चहा ठेवून जाताना म्हणाली, “दुसऱ्यांच्या नवऱ्याच्या फोनात बायकांचे फोटो सापडतेत म्हणे. आमच्या नशिबी गालिचे.”

प्रथम कळले ते शब्दांचे कपट. ‘पर्शियन डिझाइन’, ‘पर्शियन स्टाईल’, ‘तब्रीज पॅटर्न’ असे लिहिलेले असले की ती वस्तू इराणची नाही असे समजावे. जे खरोखर तिथले आहे त्याला ‘सारखे’ म्हणण्याची वेळ येत नाही. ‘हँडमेड’ हा शब्द तर आणखी फसवा. हातातल्या यंत्राने कापडावर लोकर टोचून, मागे गोंद फासून, त्यावर दुसरे कापड चिकटवले तरी त्याला हँडमेड म्हणतात. हाताचा संबंध येतो, एवढे मात्र खरे. ज्याची एकेक गाठ माणसाने मागावर बसून बांधलेली असते त्याला ‘हँड-नॉटेड’ म्हणायचे. हा फरक कळायला मला बराच काळ लागला. आर्ट सिल्क म्हणजे कलाकुसरीचे रेशीम असावे अशी माझी समजूत होती. ते नकली रेशीम निघाले.

दुसरी गोष्ट कळली ती अशी की गालिचा मागून पाहायचा असतो. गाठींचा असेल तर पुढची सगळी नक्षी मागेही तितकीच स्पष्ट दिसते आणि गाठी थोड्या लहानमोठ्या असतात. यंत्राच्या गाठी रांगेत उभ्या केलेल्या पोरांसारख्या एकाच मापाच्या. झालर पाहायची ती गालिच्याच्याच उभ्या धाग्यांची आहे, की नंतर शिवलेली आहे यासाठी. मी विक्रेत्यांना मागच्या बाजूचे छायाचित्र मागू लागलो. एकाने पुढचेच छायाचित्र पुन्हा पाठवले. दुसऱ्याने फोन करून विचारले, “सर, पीछे से कौन देखता है?” मी आभार मानून फोन ठेवला. अशा लोकांचेही मी आभार मानतो, ही माझी खोड आहे.

अखेर उत्तरेकडच्या एका शहरातले वृद्ध व्यापारी भेटले, म्हणजे फोनवर भेटले. त्यांच्याकडे जुने, वापरलेले गालिचे होते. त्यांनी मी न मागताच आधी मागची बाजू दाखवली. अंगठ्याच्या नखाने लोकर दुभागून तळाशी बसलेली गाठ दाखवली. हा इराणातल्या हमदानच्या बाजूच्या एका खेड्यातला, लोकर मेंढीची, उभे-आडवे धागे सुताचे, असे सांगितले. मग म्हणाले, “मास्टर साहब, गाँव का काम है, महल का नहीं. टेढ़ा मिलेगा.” मी म्हणालो, चालेल.

गालिचा आला तेव्हा धानाची कापणी संपून मळणीचा धडाका चालू होता. गोणपाटात गुंडाळलेली ती लांब वळकटी मी पुढच्या खोलीत सोडली. तांबडी जमीन, मध्ये निळे पदक, कडेने बोकडासारखे दिसणारे छोटे प्राणी, त्यांतल्या एकाला पाय तीनच. एक टोक दुसऱ्यापेक्षा किंचित रुंद. हे सगळे मला सांगितलेले होते. जे सांगितलेले नव्हते ते मग दिसले. गालिच्याचा एक भाग संपल्यावर तांबडा रंग एकदम बदलत होता. अलीकडे विटेसारखा आणि पलीकडे काळपट, डाळिंबाच्या सालीसारखा. आडवी, जवळजवळ सरळ रेघ. छायाचित्रात उजेड असा काही पडला होता की ती दिसलीच नव्हती.

मी खाली बसलो. त्या क्षणी माझ्या मनात आलेला शब्द माझा नव्हता. ‘फसलो.’ भाऊ अजून आलेही नव्हते आणि त्यांचे काम मी करून ठेवले होते.

ते आले ते थेट ढिगावरून. भुवयांवर धानाचा भुसा होता. चपला दाराशी काढल्या, गालिच्याच्या काठाशी उकिडवे बसले, तळहात लोकरीवरून एकदा सुलटा आणि एकदा उलटा फिरवला. मग त्या रेघेवर बोट ठेवले.

“काऊन रे मास्तर, हे त दोन मालाचा आहे.”

मी म्हणालो, “एकाच मागावरचा आहे, भाऊ.”

“एका मालाचा रंग असा बदलत नाई. भेसर आहे हे.” आमच्या बोलीत भेसळीला भेसर म्हणतात आणि भाऊंच्या धंद्यात यापेक्षा वाईट शब्द नाही. ओला माल ते परत पाठवतात, तुटलेल्याचा भाव पाडतात, पण भेसळ करणाऱ्याला पुन्हा अंगणात पाय ठेवू देत नाहीत.

मी समजावू पाहिले. खेड्यात लोकर थोडीथोडी रंगवतात. एका भांड्यातली लोकर संपली की दुसऱ्या भांड्यातली घेतात आणि दोन वेळचा रंग तंतोतंत जुळत नाही. जाणकार याला खोट मानत नाहीत, उलट हाताच्या कामाची खूण मानतात. हे मी वाचलेले होते आणि वाचलेलेच बोलत होतो. भाऊंनी शांतपणे ऐकले.

“तू पाहाले गेलतास का?”

“नाही.”

“मंग?”

मी उलट एक प्रश्न विचारला. एकाच शेतकऱ्याच्या वरच्या बांधीतले, म्हणजे खाचरातले, आणि खालच्या बांधीतले धान रंगाला वेगळे पडते. ती भेसळ असते का? भाऊ क्षणभरही थांबले नाहीत. “वेगवेगरा ठेवला त नाई. एकत्र केला त भेसर.” मग उठत म्हणाले, “एवढ्या पैशात गोऱ्हा आला असता. निदान वखराले कामी पडला असता.”

त्यांनी तिथूनच पुण्याला माझ्या मुलाला फोन लावला आणि आवाज मोठा केला, म्हणजे मलाही ऐकू यावे. “तुया बापाले कोनी फसवलन. जुना माल जोडून देल्लन. तुया फोनातून वापस करता येते का पाह्य.” त्या व्यापाऱ्यांचा माल ज्या संकेतस्थळावर होता तिथली खरेदी मुलाच्याच खात्यातून झाली होती. मुलगा चिडला नाही. फार सौम्यपणे म्हणाला, “बाबा, वाईट वाटून घेऊ नका. होतं असं ऑनलाइनमध्ये. मी रिटर्न टाकतो, ते येऊन घेऊन जातील.”

त्याने मला विचारले नाही, माझे सांत्वन केले. भाऊंचा ‘फसला’ मी आयुष्यभर झेलला आहे, पण मुलाच्या त्या सौम्य आवाजाने मी जेवढा लहान झालो तेवढा भाऊंच्या शब्दाने कधी झालो नव्हतो. मी ‘बरं’ म्हणालो. ते एक ‘बरं’ उच्चारल्याबद्दल मी स्वतःला पुढचे काही दिवस बोल लावत राहिलो.

माणूस न्यायला येईपर्यंत गालिचा खोलीतच पडून होता. परत करायचा तर वापरायचा नाही, अशी संकेतस्थळाची ताकीद होती. मी शाळेतून आलो की त्याच्या काठाशी बसे आणि स्वतःलाच विचारी की माझा हट्ट गालिच्यासाठी आहे की भाऊंना एकदा चुकलेले पाहण्यासाठी. दुसरे कारण असेल तर ते क्षुद्र आहे. मी प्रामाणिकपणे शोध घेतला आणि थोडे क्षुद्रपण सापडलेही. ते मान्य करूनही काहीतरी शिल्लक राहत होते.

एका दुपारी मी गालिचा उलटा केला आणि त्या रेघेपाशी डोळे नेले. दोन तुकडे जोडलेले असते तर तिथे शिवण असती. शिवण नव्हती. एका टोकाच्या झालरीतून निघालेल्या उभ्या धाग्याचा उंचवटा रंग ओलांडून थेट दुसऱ्या टोकापर्यंत अखंड जात होता. मी एक पाहिला, मग शेजारचा पाहिला. गाठींच्या ओळी धानाच्या रोवण्यातल्या, म्हणजे लावणीतल्या, ओळींसारख्या होत्या, लांबून सरळ आणि जवळून पाहिल्या तर बाईगणिक जराशा वळलेल्या. विटकरी रंगातही ओळींचे वळण तेच होते आणि डाळिंबी रंगातही तेच. रंग बदलला होता, हात बदललेला नव्हता. विणणारीची लोकर संपली होती. तिने दुसरी लोकर घेतली आणि ती थांबली नाही, एवढेच त्या रेघेत घडले होते.

मी भाऊंकडे जाऊन हे सांगितले नाही. सांगितले असते तर त्यांनी दुसरी खोट काढली असती, आणि ती खोडायला मी पुन्हा वाचायला बसलो असतो. आयुष्यभर मी त्यांच्यासमोर पुरावेच मांडत आलो. पुरावे मांडणारा आरोपी असतो, हे मला त्या दिवसापर्यंत सुचले नव्हते. मी बायकोला मात्र म्हणालो की गालिचा द्यायचा नाही असे माझ्या मनात आहे. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “मनात त तुमच्या लय काही राहते.”

न्यायला माणूस आला तेव्हा भाऊ आधीच हजर होते. त्यांनी स्वतः गालिच्याची वळकटी करून तिला सुतळी बांधली होती आणि गाठ इतकी नेटकी मारली होती की मला ती सोडवायला वाईट वाटावे. सामान पोचवणारा तो तरुण गोंदियाचा होता. दाराबाहेर त्याची तीनचाकी सुरूच होती. “अंकल, जल्दी कर दीजिए, आगे तिरोडा भी जाना है,” तो म्हणाला.

भाऊंना काय वाटले कोण जाणे. माझा चेहरा पाहून त्यांना दया आली असावी. ते म्हणाले, “थांब रे. मास्तरच्या मनात खुटखुट नको राहाले. जाळून पाहू. ऊन असन त केसासारखा वास येईल.” भाऊंच्या बोलण्यात ऊन म्हणजे लोकर. त्यांनी झालरीचा एक धागा तोडला, खिशातली काडीपेटी काढली आणि धागा पेटवला. तो कागदासारखा भुरकन जळला. त्यांनी नाकाशी नेला, मग माझ्या नाकाशी धरला. “सूत आहे. ऊन नोहे.”

“झालर सुताचीच असते, भाऊ. ते उभे धागे आहेत. लोकर गाठीत असते.”

“तुयापासी सगळ्याचाच जवाब आहे,” भाऊ म्हणाले. तो तरुण हसला. भाऊंनी पुढे विचारले, “मंग गाठीतला जाळू का?”

मी आत गेलो आणि बायकोच्या शिवणाच्या डब्यातली कात्री घेऊन आलो. ती नेटकी गाठ सोडवली, वळकटी उलगडली. रंग बदलतो तिथे, रेघेच्या अलीकडची आणि पलीकडची थोडी थोडी लोकर चिमटीत धरली आणि मुळापासून कापली. कात्री बोथट होती, दोनदा चालवावी लागली. तळाचे पांढरे सूत उघडे पडले.

तरुणाचे हसू गेले. “अरे अंकल, ये क्या किया आपने. अब ये वापस नहीं होगा. कटा हुआ माल हम नहीं ले सकते.”

“मालूम है,” मी म्हणालो.

भाऊंनी काडी पेटवून पुढे धरली होती. “आन.”

“नाही.”

“मंग कापलास कायले?”

“परत जाऊ नये म्हणून.”

काडी त्यांच्या बोटांपर्यंत जळत आली, तेव्हा त्यांनी ती झटकली. तरुण एकदा त्यांच्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहत होता. मला वाटते, त्या घरात कुणाचे चालते हे ताडण्याचा तो प्रयत्न करत होता. ते मलाही अजून ठाऊक नव्हते.

“फसला तू,” भाऊ म्हणाले. या वेळी त्यांनी कर्ता घातला.

“असेन,” मी म्हणालो. “फसलो असेन तर मी फसलो आहे. तुम्ही सांगितलेत म्हणून नाही. माझे मला कळले की मी येऊन तुम्हाला सांगेन.”

आवाज चढवणे मला जमत नाही. हेही मी वर्गात बोलतो त्याच आवाजात बोललो. लगेच ‘माफ करा’ हे शब्द सवयीने ओठांवर आले. ते मी गिळले. आयुष्यात मी पुष्कळांची पुष्कळ गोष्टींबद्दल क्षमा मागितली आहे, त्यांपैकी काही क्षमा योग्यही होत्या. ही मागितली असती तर ती खोटी ठरली असती.

तरुणाने फोनवर बोटे फिरवली, ग्राहकाने माल देण्यास नकार दिला असे काहीसे त्यात भरले आणि तो तिरोड्याच्या वाटेला लागला. मी मुलाला फोन करून सांगितले की परतीची मागणी मी मोडली आहे. तो घाबरून म्हणाला, “बाबा, मोठ्या बाबांनी काय म्हटलं?” मी म्हणालो, “ते इथेच आहेत, त्यांना विचार.” फोन मी भाऊंच्या हातात दिला. भाऊंनी तो कानाला लावला, थोडा वेळ ऐकले आणि म्हणाले, “काही नाई. तुया बापाले पायजे होता तो. ठेवलन.”

एवढेच बोलून त्यांनी फोन परत दिला. मग चपला पायात सरकवताना, आतल्या दाराशी उभ्या असलेल्या माझ्या बायकोला ऐकू जाईल अशा बेताने, भिंतीकडे पाहत ते म्हणाले, “ऊन असन नसन, चाय नोका सांडू त्याच्यावर. डाग निघाचा नाई.” आणि ढिगाकडे निघून गेले.

बायकोने विचारले, आता हा इथेच राहणार का, म्हणजे खुर्च्या कुठे ठेवायच्या ते ठरवता येईल. मी म्हणालो, इथेच राहील. आम्ही दोघांनी मिळून खुर्च्या पडवीत काढल्या.

ती कापलेली लोकर मी जाळून पाहिली नाही. खिडकीच्या कठड्यावर ठेवली होती, पुढे झाडलोटीत कुठे गेली ते ठाऊक नाही. तिला केसांचा वास आला असता अशी माझी खात्री आहे, पण ही खात्री मी कुणासमोर पेटवून दाखवणार नाही. भाऊ अधूनमधून येतात, गालिच्यावर मांडी घालून बसतात आणि धानाच्या भावाविषयी बोलतात. भेसळीचा शब्द त्यांनी मागे घेतलेला नाही. मीही त्यांना तो मागे घ्यायला सांगितलेले नाही.

दोन तांबड्या रंगांच्या मध्ये ती उघडी जागा आहे, अंगठ्याएवढी. नवा माणूस आला की त्याची नजर प्रथम तिथे जाते आणि उंदराने कुरतडले का, असे तो विचारतो. बायको म्हणते, त्याच्यावर टिपॉय ठेवा. टिपॉय मी दुसऱ्या भिंतीशी ठेवला आहे. विचारणाऱ्याला मी सांगतो की मी कापले. का, असे त्याने पुढे विचारले तर तेही सांगतो.